फळीपासून फवाऱ्यापर्यंत : अमेरिकी पिकअपच्या हौद्याचा इतिहास

अमेरिकेत जुने पिकअप ट्रक पूर्वरूपात आणण्याचा छंद इतका रुजला आहे की त्यासाठी सुटे भाग पुरवणारा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे, आणि तरीही इंजिन, चॅसी व केबिन यांची कामे उरकल्यावर शेवटी जो प्रश्न मालकाला अडवतो तो हौद्याचा, म्हणजे मागच्या उघड्या माल भरण्याच्या जागेचा असतो. या हौद्याच्या तळाला कोणता संरक्षक लेप द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता रंगाच्या दुकानात सुटण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो इतिहासाचा प्रश्न आहे, कारण आज बाजारात मिळणारे लेप विशिष्ट काळातील विशिष्ट हौद्यांसाठी घडवले गेले, आणि पिकअपच्या पहिल्या तीन दशकांत तर अशा वेगळ्या लेपाची गरज फारशी कोणाला भासलीच नव्हती. ती गरज आधी का नव्हती आणि मागाहून का निर्माण झाली, हे समजून घेतल्यावाचून केलेली निवड बहुधा जाहिरातदाराने केलेली निवड ठरते.

मोटारीच्या पहिल्या पिढीत मालवाहू गाडीचा हौदा हा कारखान्याचा विषयच नव्हता. फोर्ड कंपनीने १९१७ मध्ये एक टन वजन वाहणारी ‘मॉडेल टीटी’ बाजारात आणली, ती ६०० डॉलरला मिळणारी नुसती चॅसी होती. तिच्यावर केबिन आणि हौदा चढवून घेण्याचे काम ग्राहकाने एखाद्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडून किंवा गावच्या सुताराकडून करून घ्यायचे असे. हे कारागीर पिढ्यानपिढ्या घोड्यांच्या मालगाड्या बांधत आलेले असल्यामुळे त्यांचे सारे ज्ञान लाकडाचे होते, आणि तेच ज्ञान मोटारीच्या मागच्या भागावर चढले. महाराष्ट्रातील वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण ट्रकची चॅसी कारखान्यातून आणायची आणि बॉडी हमरस्त्यालगतच्या बॉडी बिल्डरकडून बांधून घ्यायची, ही कामाची वाटणी इथेही अनेक दशके सर्रास चालत आली.

कारखान्यातूनच हौद्यासह तयार होऊन येणारी फोर्डची पहिली पिकअप एप्रिल १९२५ मध्ये आली. ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ असे लांबलचक नाव असलेल्या या गाडीची किंमत २८१ डॉलर होती, हौद्याची लांबी ५६ इंच होती आणि मागचा फाळका वरखाली करता येत असे. पहिल्याच वर्षात तिची विक्री ३३,००० च्या वर गेली. या गाडीवरचा काळा रंग हाही या इतिहासाचा भाग आहे. त्या काळच्या फोर्ड गाड्यांचा काळा रंग गिल्सोनाइट नावाच्या नैसर्गिक डांबरवर्गीय खनिजाला जवसाच्या तेलाची जोड देऊन तयार केलेला आणि भट्टीत भाजून पक्का केलेला असे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट पापुद्र्यात बदलते आणि डांबरी द्रव्य पाण्याला अडवते, त्यामुळे पावसापासून पत्र्याचे रक्षण या रंगाने बऱ्यापैकी होत असे. मात्र फावड्याच्या धारेपुढे किंवा फरफटत ओढलेल्या लोखंडी नांगरापुढे त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते, आणि तशी अपेक्षाही नव्हती.

घर्षणाचा मार झेलण्याचे काम त्या पिढीत रंगाकडे नव्हते, लाकडाकडे होते. १९३० मध्ये जनरल मोटर्सने मार्टिन-पॅरी या बॉडी बांधणाऱ्या कंपनीचा इंडियानापोलिस येथील कारखाना घेतला आणि त्यानंतर शेवरले पिकअपही कारखान्यातून हौद्यासह येऊ लागल्या. त्यांच्या बाजू पोलादाच्या असल्या तरी तळ फळ्यांचाच राहिला. या तळाची रचना साधी आणि विलक्षण शहाणपणाची होती. पिवळ्या पाइनच्या किंवा ओकसारख्या कठीण लाकडाच्या लांब फळ्या गाडीच्या लांबीला समांतर, एकमेकींत थोडी फट ठेवून मांडलेल्या असत. फळ्यांच्या कडांना खाच घेतलेली असे आणि प्रत्येक फटीवर पोलादाची एक अरुंद उभारी असलेली पट्टी दोन्ही बाजूंच्या खाचांत बसेल अशी ठेवून ती गोल डोक्याच्या बोल्टांनी खालच्या आडव्या तुळ्यांना आवळलेली असे. पेट्या, दुधाचे डबे, लाकडाचे ओंडके या पट्ट्यांवरून घसरत आत जात, म्हणून घर्षणाचा पहिला वाटा पट्ट्या उचलत आणि उरलेला फळ्या. लाकूड ओले झाले की फुगते आणि सुकले की आक्रसते. फटी ठेवलेल्या असल्यामुळे या हालचालीला जागा मिळे. बांधणी मुळातच घट्ट बंद नसल्यामुळे पाणीही साचून न राहता निथळून खाली जाई. एखादी फळी कुजली किंवा फुटली तर चार बोल्ट सोडून ती एकटीच बदलता येई.

म्हणजे फळी हाच त्या काळचा संरक्षक लेप होता, आणि तो झिजण्यासाठीच बसवलेला होता. त्या फळीवर जे काही लावले जाई ते दुय्यम होते: कारखान्यात मारलेला रंग, किंवा मालकाने वर्षा-दोन वर्षांनी फडक्याने चोळलेले जवसाचे तेल. खालच्या पोलादी तुळ्यांसाठी शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजेच शेंदूर, तेलात कालवून केलेला प्रायमर वापरला जाई. गंज रोखण्याच्या बाबतीत तो फार प्रभावी असला तरी शिसे विषारी असल्यामुळे पुढे तो मागे पडला. आज प्रदर्शनांत दिसणारे, आरशासारखे वार्निश केलेले ओकचे तळ आणि त्यांवरच्या चकचकीत स्टेनलेस पट्ट्या हा या इतिहासाचा भाग नाही. ती जीर्णोद्धाराच्या छंदाने निर्माण केलेली शोभा आहे. दिसायला ती देखणी असते, पण सिमेंटची पोती टाकण्यासाठी बांधलेल्या गाडीला दिवाणखान्यातील लाकूडकामाचा साज चढवणे हे पूर्वरूप नव्हे, एवढे तरी मान्य करायला हवे.

मध्यंतरी एक तडजोडही होऊन गेली, आणि ती बोधप्रद आहे. फोर्डच्या १९४८ ते १९५० या वर्षांतील ‘एफ-१’ पिकअपमध्ये तळ पोलादी पत्र्याचा होता, पण पत्र्याला पोचे पडू नयेत म्हणून त्याखाली लाकडाचा थर दिलेला होता. पत्रा वर आणि लाकूड खाली अशा या रचनेत घसरण्याची सोय उत्तम झाली, परंतु दोन थरांच्या मधे एकदा शिरलेले पाणी बाहेर पडण्याची वाट उरली नाही. लाकूड ओल धरून बसते आणि त्या ओलीने पत्रा खालच्या, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूने खाल्ला जातो. १९५१ पासून फोर्डने पुन्हा फळ्या आणि पोलादी पट्ट्यांचा उघडा तळ स्वीकारला. दोन थरांमध्ये अडकलेली ओल हा दोष पुढच्या प्रत्येक पिढीच्या संरक्षक साधनात वेगळ्या रूपाने परतला आहे.

लाकडाचे राज्य संपले ते लाकडाच्या कमजोरीमुळे नव्हे. महायुद्धानंतर शहरांबाहेर पसरलेल्या नव्या वसाहतींत पिकअप ही शेतावरची आणि कारखान्यावरची गाडी उरली नाही, ती घरासमोर उभी राहू लागली आणि दिसण्याला महत्त्व आले. १९५५ मध्ये शेवरलेने ‘कॅमिओ कॅरिअर’ आणली तेव्हा तिचा हौदा मूळचा जुनाच ठेवून त्याच्या बाहेरच्या अंगाला काचतंतूंच्या प्लॅस्टिकचे, म्हणजे फायबरग्लासचे गुळगुळीत पॅनेल चढवले होते. हे पॅनेल ओहायोतील अॅशटाब्युला येथील ज्या कंपनीत बनत त्याच कंपनीत शेवरलेच्या ‘कॉर्व्हेट’ या स्पोर्ट्स कारचे भागही बनत. चार वर्षांत अशा सुमारे १०,००० गाड्याच विकल्या गेल्या, तरी इशारा पुरेसा होता. १९५७ मध्ये फोर्डने ‘स्टाइलसाइड’ हा केबिनच्या रेषेत येणारा, संपूर्ण पोलादी हौदा जादा किंमत न लावता देऊ केला, त्याच वर्षी डॉजने स्टेशन वॅगनचे मागचे फेंडर जोडून ‘स्वेप्टसाइड’ सजवली, आणि १९५८ मध्ये शेवरलेची ‘फ्लीटसाइड’ आली. फ्लीटसाइडच्या तळाला मात्र बराच काळ लाकूडच होते. १९७३ च्या नव्या आवृत्तीत तिथे पोलाद आले, आणि बाहेर फेंडर असलेल्या जुन्या धाटणीच्या ‘स्टेपसाइड’ हौद्यात फळ्या त्यानंतरही काही वर्षे टिकल्या.

या बदलाचा अर्थ त्या वेळी फारसा कोणी लक्षात घेतला नसावा. नव्या तळाला लांबीच्या दिशेने वळ्या दिलेल्या असत, त्यामुळे पातळ पत्र्यालाही ताठपणा येई आणि वजन पेलले जाई; पण झिजण्यासाठी ठेवलेला थर निघून गेला आणि त्याच्या जागी उरला तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाडीचा रंग, तोही बाहेरच्या अंगाला शोभा देणारा तोच. माल घसरला की रंग खरवडला जाई, खरवडलेल्या जागी पोलाद उघडे पडे, आणि वळ्यांमधल्या खोलगट पन्हळीत पाणी नेमके तिथेच साचे. संरक्षक लेपाची गरज जन्मली ती इथे.

तिला तातडी आणली मिठाने. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याचा सरकारी प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ मध्ये सुरू झाला, युद्धानंतर तो उत्तरेकडील राज्यांचा नेहमीचा परिपाठ झाला, आणि १९७० च्या सुमारास देशभरात वर्षाला सुमारे एक कोटी टन मीठ रस्त्यांवर पडू लागले. मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे गंजण्याची विद्युत्-रासायनिक क्रिया त्यात कितीतरी वेगाने होते. चाकांनी उडवलेले हे पाणी हौद्याच्या खालच्या बाजूने शिरत असल्यामुळे गाड्या वरून धडधाकट आणि आतून पोखरलेल्या होऊ लागल्या. कारखान्यांनी त्यावर दोन मोठे उपाय केले. फोर्डने १९६० च्या दशकात विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवण्याची पद्धत रूढ केली, जिच्यात संपूर्ण बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने तो कानाकोपऱ्यांपर्यंत ओढून घेतला जातो. आणि पुढे जस्तलेपित पत्र्याचा वापर वाढला, ज्यात जस्त स्वतः आधी झिजून पोलादाला वाचवते. कारखान्याबाहेर डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्ट या जर्मन मेकॅनिकच्या पद्धतीवर १९५९ पासून गंजरोधक फवारणीचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. परंतु हे सारे उपाय खालून आणि आतून येणाऱ्या गंजाचे होते. वरून पडणाऱ्या दगडाचे उत्तर त्यांत नव्हते, आणि मालक आपापल्या परीने प्लायवूडचा तक्ता, रबराची चटई किंवा डांबरी लेप लावून वेळ मारून नेत.

त्या दगडाचे पहिले मोठे औद्योगिक उत्तर प्लॅस्टिकने दिले. उच्च घनतेचे पॉलिएथिलीन हे रसायनशास्त्रातील १९५० च्या दशकाचे अपत्य होते. ओक्लाहोमातील फिलिप्स पेट्रोलियम कंपनीत १९५१ मध्ये आणि जर्मनीत कार्ल झिगलर यांच्या प्रयोगशाळेत १९५३ मध्ये ते दोन वेगळ्या मार्गांनी हाती लागले. या प्लॅस्टिकचा जाड तक्ता तापवून साच्यावर ओढला की हौद्याच्या मापाचे एकसंध अस्तर तयार होते, ते उचलून हौद्यात ठेवायचे आणि स्क्रूने किंवा क्लिपने अडकवायचे, बस. विस्कॉन्सिनमधील पेंडा आणि मिशिगनमधील ड्युराकॉन या कंपन्यांनी हा धंदा वाढवला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नवी पिकअप घेणाऱ्याला विक्रेता असे अस्तर हमखास सुचवू लागला. पोचे आणि ओरखडे यांपासून हे अस्तर खरोखरच वाचवते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याचा दोष मात्र त्याच्या गुणधर्मातच आहे. पॉलिएथिलीन उष्णतेने पोलादाच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते, त्यामुळे आठ फुटी हौद्यातील अस्तर तापमानात तीस अंशांचा फरक पडला की सुमारे एक सेंटीमीटरने पुढेमागे सरकते. त्यात गाडीची थरथर मिळाली की अस्तराखाली शिरलेली वाळू काचपेपरचे काम करते आणि रंग घासून काढते. मग पाणी तिथे अडकते, १९४८ च्या फोर्डमध्ये लाकूड आणि पत्र्याच्या मधे अडकत होते तसेच, आणि मालकाला ते अस्तर उचलेपर्यंत पत्ताही लागत नाही. अस्तर बसवण्यासाठी पाडलेली भोके ही गंजाची आणखी एक पायवाट. याहून गंभीर धोका अनपेक्षित दिशेने आला. प्लॅस्टिक विजेचे दुर्वाहक असल्यामुळे त्यावर ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यात इंधन भरताना निर्माण होणारा स्थिर विद्युत्भार जमिनीत उतरू शकत नाही, आणि पंपाची नळी डब्याला टेकताच ठिणगी पडून आग लागल्याच्या घटना घडल्या. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने, जिला तिथे नायॉश असे संक्षेपाने म्हणतात, १९९८ मध्ये याबाबत सूचनापत्रक काढून डबा हौद्यातून काढून जमिनीवर ठेवूनच भरावा असे बजावले. हा नियम आजही पाळण्याजोगा आहे, अस्तर कोणतेही असो.

थर आणि पत्रा यांच्यात जागाच उरू नये, या विचारातून फवारणीचे अस्तर आले. त्याचा रसायनशास्त्रीय पाया बराच जुना आहे: १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन बनवले, ज्यात आयसोसायनेट वर्गातील रसायन आणि पॉलिऑल नावाचे अल्कोहोलवर्गीय द्रव्य एकत्र आले की लांब साखळ्यांचा चिवट पदार्थ तयार होतो. १९८० च्या दशकात टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे टेक्साको कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिऑलच्या जागी अमाइन वर्गातील द्रव्य वापरून पॉलियुरिया विकसित झाले. त्याची घट्ट होण्याची क्रिया उत्प्रेरकाशिवाय काही सेकंदांत पुरी होते आणि हवेतील दमटपणाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही, उलट पॉलियुरेथेनच्या मिश्रणात पाणी शिरले तर कार्बन डायऑक्साइड सुटून थरात बुडबुडे धरतात. सॅन दिएगोची ऱ्हायनो लायनिंग्ज ही कंपनी १९८८ पासून आणि लाइन-एक्स १९९३ पासून या धंद्यात आहे. दोघींनी गावोगावच्या गॅरेजवाल्यांना यंत्र, रसायन आणि नाव देऊन जाळे विणले, आणि ‘ऱ्हायनो’ हे नाव तर कित्येक अमेरिकनांच्या बोलण्यात या अस्तराचे सामान्यनामच होऊन बसले.

या कामातील कसब यंत्रात आणि त्याहून अधिक तयारीत आहे. उच्च दाबाच्या पद्धतीत दोन्ही द्रव्ये वेगवेगळ्या नळ्यांतून सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बंदुकीच्या तोंडाशी एकमेकांवर आदळवली जातात आणि पत्र्यावर पडता पडताच घट्ट होतात. कमी दाबाच्या पद्धतीत ती थंड आणि सावकाश मिसळतात, म्हणून थर अधिक रबरासारखा मऊ राखता येतो. मऊ थरावर माल घसरत नाही, कठीण थर लवकर फाटत नाही, आणि या दोन गुणांपैकी एक निवडला की दुसऱ्याचा थोडा त्याग करावाच लागतो. साधारण तीन मिलिमीटर जाडीचा हा थर पत्र्याला असा घट्ट धरून बसतो की त्याच्या मागे पाणी जाण्यास वाव राहत नाही. पण हे सारे खरे ठरते ते पत्रा आधी खरखरीत घासून, तेलकटपणा पुसून, गंजाचा शेवटचा ठिपका काढून टाकला असेल तरच. गंजावर मारलेले अस्तर गंज झाकते आणि जोपासते.

आयसोसायनेट हे नाव भारतीय वाचकाला भोपाळमुळे परिचित आहे, म्हणून इथे थोडा खुलासा आवश्यक ठरतो. १९८४ मध्ये भोपाळमध्ये गळती झाली ती मिथाइल आयसोसायनेटची, जे कीटकनाशकासाठी लागणारे आणि सहज वायुरूप होणारे रसायन आहे. हौद्याच्या अस्तरात सहसा वापरले जाणारे एमडीआय हे त्याच कुळातील असले तरी जड असून साध्या तापमानाला फारसे उडत नाही. तापवून फवारले की मात्र त्याचे सूक्ष्म तुषार हवेत तरंगतात आणि श्वासावाटे आत जाऊन दमा जडवतात, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही जिवावर बेतू शकते. नायॉशने २००६ मध्ये खास ट्रकच्या हौद्यांवर फवारणी करणाऱ्या कामगारांसाठी धोक्याची सूचना प्रसिद्ध केली, आणि तिच्या शीर्षकातच दम्याबरोबर मृत्यूचाही उल्लेख आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर या फवाऱ्याजवळ उभे राहू नये, हा सल्ला घरच्या घरी काम करणाऱ्या हौशी माणसाला तर दुप्पट लागू पडतो.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाअखेरीस स्फोटाच्या दाबाने भिंती कोसळू नयेत म्हणून त्यांवर हेच हौद्याचे लेप फवारून चाचण्या घेतल्या. निसानच्या २००४ च्या ‘टायटन’मध्ये फवारणीचे अस्तर कारखान्यातूनच मिळू लागले, टोयोटाने २००५ च्या ‘टॅकोमा’मध्ये पोलाद सोडून संमिश्र प्लॅस्टिकचा हौदाच दिला, आणि फोर्डने २०१५ च्या ‘एफ-१५०’ची बॉडी अॅल्युमिनियमची केली. २०१६ मध्ये शेवरलेने आपल्या पोलादी हौद्यात आणि फोर्डच्या अॅल्युमिनियमच्या हौद्यात ८२५ पौंड वजनाचे दगडी ठोकळे ओतून अॅल्युमिनियमला भोके कशी पडतात हे जाहिरातीत दाखवले. दोन्ही तळांवर कसलेही अस्तर नव्हते, आणि उंचावरून अस्तर नसलेल्या हौद्यात ठोकळे ओतणारा मालक क्वचितच सापडेल, ही गोष्ट जाहिरात अर्थातच सांगत नाही. भारतात या प्रश्नाचे उत्तर अधिक रोखठोक निघाले. पुण्यात १९८८ पासून बनू लागलेल्या ‘टाटामोबाइल’पासून आजच्या बोलेरो पिकअपपर्यंत ज्या गाड्या बाजार समितीत माल आणतात, त्यांचे मालक हौद्याच्या तळावर उंचवट्यांची नक्षी असलेली चेकर्ड प्लेट ठोकून मोकळे होतात.

जीर्णोद्धारासाठी निवड करताना हा सारा इतिहास एका व्यावहारिक कसोटीपाशी येऊन थांबतो: दिलेला थर पुढे काढता येईल का? जवसाचे तेल, साधा रंग, फळी आणि पट्टी हे सारे काढता येते. बसवलेले प्लॅस्टिकचे अस्तर उचलता येते, जरी त्याखाली काय सापडेल याची खात्री नसते. तीन मिलिमीटरचे पॉलियुरिया मात्र एकदा चढले की खरवडून, तापवून, दिवस घालवूनच निघते, आणि निघताना खालच्या पत्र्याची मूळ कड, वेल्डिंगच्या खुणा, वळ्यांची धार यांचे जे व्हायचे ते होते. पूर्वरूपाचे मोल जपणाऱ्या क्लबांत, ज्यांत १९३५ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झालेला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका सर्वांत जुन्यांपैकी आहे, परीक्षक गाडी विक्रेत्याकडून बाहेर पडताना जशी होती तिच्याशी ताडून पाहतात; १९५५ च्या गाडीत १९९० च्या दशकातील काळा खरखरीत थर दिसला तर गुण कापले जाणे उघड आहे. फवारणीच्या अस्तराबाबत सूर्यप्रकाशाचाही हिशेब धरावा लागतो. स्वस्त अस्तरांतील आयसोसायनेट अॅरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखे वलय असलेल्या रचनेचे असते आणि ऊन लागले की ते निस्तेज व पांढरट पडते. अॅलिफॅटिक प्रकारात ते वलय नसल्यामुळे रंग टिकतो, पण त्याची किंमत अधिक असते.

सहज काढता येणारा साधा रंग आणि सहजी न निघणारे जाड अस्तर या दोन टोकांच्या मधे गेल्या काही दशकांत एक तिसरा वर्ग आला आहे. ब्रिटनमधील यू-पोल कंपनीच्या ‘रॅप्टर’सारखे दोन भागांचे लेप बाटलीतच तीनास एक या प्रमाणात कठीणक मिसळून साध्या कॉम्प्रेसरच्या बंदुकीने मारता येतात, त्यात गाडीच्या रंगाचे रंगद्रव्य घालता येते, आणि त्यांचा थर रंगापेक्षा जाड पण फवारणीच्या अस्तरापेक्षा पुष्कळच पातळ असल्यामुळे पत्र्याच्या वळ्या आणि शिक्के त्याखालीही वाचता येतात. त्यात आयसोसायनेट असतेच, त्यामुळे मुखवट्याची अट इथेही सुटत नाही. रबराचे कण घातलेले रोलरने लावायचे एकभागी लेप याहून स्वस्त मिळतात. नुसत्या दुरुस्त केलेल्या कामाच्या गाडीला ते चालून जातात, काळजीने उभ्या केलेल्या गाडीला शोभत नाहीत.

तेव्हा मुळात फळ्यांचा तळ असलेल्या गाडीला फळ्याच घालाव्यात, त्यांना चारही बाजूंनी, बोल्टांच्या भोकांतूनसुद्धा, तेल किंवा रंग द्यावा, खालच्या तुळ्यांना इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि पाणी निथळण्याच्या फटी कोणत्याही मोहाने बुजवू नयेत. पोलादी तळाची गाडी अधूनमधून सामान वाहणार असेल तर वाळूचा हलका मारा देऊन पत्रा उघडा करावा, इपॉक्सी प्रायमरवर गाडीच्या रंगात मिसळलेला दोन भागांचा पातळ लेप द्यावा आणि पत्र्यांचे सांधे त्याआधी सीलरने बंद करावेत. जाड फवारणीचे अस्तर रोज खडी आणि लाकूड वाहणाऱ्या गाडीसाठीच राखून ठेवावे. वर्षातून चार वेळा प्रदर्शनात नेण्यासाठी तयार केलेल्या गाडीवर ते मारणे ही चुकीची निवड आहे.